मामाच्या बीटा पेशी आणि जांभळाच्या बियांची पावडर

(एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांच्याकडे आत्ता हेडफोन नाहीत त्यांच्यासाठी. अडखळणं आणि मागचे लोकलचे भोंगे कापलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

डहाणू लोकलमध्ये उभे असाल, कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत असाल किंवा नाईट करून आत्ताच घरी येऊन पडला असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा एपिसोड माझ्या मामामुळे होतोय. त्याला विचारून करतेय. तो म्हणाला, "कर, पण माझं नाव नको घेऊस, प्लांटमध्ये चिडवतील."

तर मामा. बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर, वीसेक वर्षं तिन्ही शिफ्ट केलेला माणूस. दहा वर्षांपूर्वी शुगर निघाली. गोळ्या चालू होत्या, एचबीएवनसी सातच्या आसपास असायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही रक्ताची एक टेस्ट आहे, गेल्या साधारण तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवते. आदल्या दिवशी उपाशी राहून हिला फसवता येत नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये नेहमीप्रमाणे जांभळं आली. आपल्या पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचं जांभूळ तुम्हाला माहीत असेलच, २०२३ मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालं. मोठं, गरदार, जीभ जांभळी करणारं. मामाने जांभळं खाल्ली, बिया धुऊन गच्चीवर वाळवल्या, मामीने मिक्सरला लावून बरणी भरली. इथपर्यंत सगळं ठीक. आपल्याकडे निम्म्या घरांत ही बरणी असते. पण त्याच सुमारास त्याला व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड आला: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, वनस्पतींचा अर्क स्वादुपिंडाच्या पेशींना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून वाचवतो, पेशी पुन्हा उगवतात, गोळ्यांची गरज नाही. जुलैमध्ये मामाने गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही, मामीलाही नाही.

ऑक्टोबरमध्ये मामीचा फोन आला. "अगं, हे रात्रीत सहा वेळा उठतात. पँट कमरेवर राहत नाही. आणि पायाच्या अंगठ्याला सेफ्टी शूज लागून झालेली जखम महिना झाला तरी तशीच आहे." टेस्ट केली तर एचबीएवनसी अकराच्या वर.

दवाखान्यातून येताना रिक्षात मामा गप्प होता. मग एकदम म्हणाला, "तू केमिस्ट्री केलीस ना? मग मला सांग, त्या शास्त्रज्ञांनी खोटं लिहिलंय का?"

मंडळी, गंमत अशी की खोटं नव्हतं. मी शोधून वाचलं. असं संशोधन खरंच झालेलं आहे, आपल्या पुण्यातही झालेलं आहे, चांगलं झालेलं आहे. मग मामाचं काय चुकलं? हे समजायला मला दोन रविवार लागले. तुम्हाला अर्ध्या तासात सांगते.

आधी पेशी म्हणजे कोणत्या ते बघू. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यातला बहुतेक भाग पचनाचे रस बनवतो. मधेमधे पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले आहेत. त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात, कारण पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. माणसात अशी साधारण दहा लाख बेटं. त्या बेटांवरच्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात. शरीरात हे काम करणारं दुसरं कोणी नाही.

आता बीटा पेशीला रक्तात साखर किती आहे हे कळतं कसं? ती चव घेत नाही. ती साखर जाळते. जितकी साखर जास्त, तितकी ती आत येते, तितकी जळते, तितकी ऊर्जा तयार होते आणि त्या प्रमाणात इन्शुलिन बाहेर पडतं. मोजायची पद्धतच जाळण्याची. बाकीच्या बऱ्याच पेशी साखर फार झाली तर दार थोडं लोटून घेऊ शकतात. बीटा पेशीने दार लोटलं तर मोजणारच कोण?

आणि जाळलं की धूर आलाच. पेशीतला धूर म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणारे तापट रेणू: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. हो, पेरॉक्साइड म्हणजे आपल्याकडे ड्रममध्ये येतं तेच. थोडं असेल तर पेशी त्याचा निरोप पोचवायला वापरही करते. जास्त झालं की ते डीएनएला, प्रथिनांना, पेशीच्या पडद्यातल्या चरबीला लागतं. चरबीचं काय होतं माहितीये? ती खवट होते. खरंच, उपमा म्हणून सांगत नाहीये. दिवाळीचा चिवडा डब्यात राहून खवट होतो ना, जवळपास तीच रासायनिक क्रिया पेशीच्या पडद्यात होते. तयार होणारा धूर आणि तो साफ करायची ताकद यांचा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. ताण मनाला नाही, पेशीला.

बोईसरवाल्यांना हे समजावून सांगायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही: ईटीपी. प्रत्येक कारखान्यात प्रॉडक्शन असतं आणि सांडपाणी साफ करणारा प्लांट असतो. तारापूरचं सामायिक प्रक्रिया केंद्र, आपलं सीईटीपी, कित्येक वर्षं २५ एमएलडीचं होतं आणि येणारं पाणी त्याहून जास्त. पुढे काय झालं ते नवापूर, दांडीच्या लोकांना विचारा. मच्छीमार समाजाला हरित लवादात जावं लागलं. बीटा पेशी म्हणजे तसाच कारखाना. प्रॉडक्शन जोरात, ईटीपी छोटा.

किती छोटा? १९९६ मध्ये जर्मनीतल्या लेन्झेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अवयवांमध्ये हे मोजलं. धूर साफ करणारी एन्झाइम्स बनवायच्या सूचना कुठल्या पेशीत किती चालू आहेत ते त्यांनी पाहिलं. बाकीचे अवयव यकृताच्या थोडे वरखाली. स्वादुपिंडाच्या बेटांमध्ये मात्र सुपरऑक्साइड डिस्म्युटेज यकृताच्या ३० ते ४० टक्के, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज १५ टक्के, आणि कॅटालेज तर त्यांना सापडलंच नाही. कॅटालेज म्हणजे जखमेवर पेरॉक्साइड ओतलं की जो फेस येतो ना, तो आणणारं एन्झाइम. पेरॉक्साइडचं पाणी करून टाकणारं. नेमकं तेच नाही.

म्हणजे ज्या पेशीच्या कामातच धूर आहे, तिच्याकडेच तो साफ करायची सोय कमी. निसर्गाने असं का केलं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. एक म्हणणं असं की पेरॉक्साइड हा तिच्या निरोपाचा भाग आहे, सगळं साफ करून टाकलं तर निरोपच जाणार नाही. मला हे पटतं, पण माझ्या पटण्याला काय किंमत!

आता येऊ प्रयोगाकडे. मामाची गाडी इथेच घसरली.

समजा तुम्हाला तपासायचंय की कारल्याचा रस बीटा पेशींना वाचवतो का. त्यासाठी आधी मरणाऱ्या बीटा पेशी हव्यात. उंदराला मधुमेह व्हायची वाट बघत बसलात तर तुमची पीएचडी संपणार नाही. म्हणून विष वापरतात. दोन प्रसिद्ध आहेत. एक अॅलोक्सान. १९४३ मध्ये ग्लासगोत डन आणि सहकारी किडनीवर काम करत होते, त्यांना अचानक दिसलं की याने प्राण्यांच्या स्वादुपिंडातली बेटंच मरतात. दुसरं स्ट्रेप्टोझोटोसिन, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. ते स्वादुपिंडाच्या काही ट्यूमरवर औषध म्हणूनही वापरतात. दोन्ही रेणू साखरेसारखे दिसतात. बीटा पेशी साखर समजून त्यांना आत घेते आणि फसते. अॅलोक्सान आत जाऊन धुराचा लोटच काढतं. स्ट्रेप्टोझोटोसिन मुख्यतः डीएनए तोडतं, सोबत धूरही करतं.

पुण्याचं संशोधन हे असंच. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथल्या डॉ. रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांचा कारल्यावरचा पेपर २००० मध्ये आला. त्यांनी तीन पातळ्यांवर पाहिलं: जिवंत उंदीर, उंदरातून काढलेली बेटं, आणि बशीत वाढवलेल्या आरआयएन नावाच्या, उंदराच्या ट्यूमरपासून आलेल्या इन्शुलिनवाल्या पेशी. स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं की साखर चढते, चरबी खवट होते, पेशी मरतात. कारल्याचा रस दिलेल्या उंदरांत साखर कमी चढली. स्वादुपिंडातलं, बेटांतलं आणि बशीतल्या पेशींतलं खवटपण कमी झालं. आरआयएन पेशींचं मरणंही घटलं.

मला हा पेपर आवडला. 'कारलं म्हणजे भाजीतलं इन्शुलिन' हे आपण नुसतं म्हणत आलो. यांनी विचारलं, बरं, पण ते नेमकं करतं काय? आणि मोजून दाखवलं.

पण आता ईटीपीचं उदाहरण पुन्हा घ्या. हा प्रयोग म्हणजे काय, तर धडधाकट कारखान्याच्या गेटवर एका दिवशी अॅसिडचा टँकर उलटला. ज्या कारखान्याकडे चुन्याच्या गोण्या होत्या त्याचं नुकसान कमी झालं. चुना अॅसिड मारतो हे सिद्ध झालं. छान.

मामाच्या गेटवर टँकर उलटलेला नाही. मामाचा कारखाना दहा-पंधरा वर्षं क्षमतेपेक्षा जास्त प्रॉडक्शन काढतोय. पोटाभोवतीची चरबी, इन्शुलिनला दाद न देणारे स्नायू आणि यकृत, त्यामुळे रोज दुप्पट इन्शुलिन बनवायचं टार्गेट. धूर आहे, पण तो या ओव्हरटाइममुळे आहे. गोण्या टाकल्या आणि तीन शिफ्ट तशाच चालू ठेवल्या तर काय होणार?

दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. १९९४ मध्ये आयझिरिक आणि सहकाऱ्यांनी माणसाची बेटं आणि उंदीरवर्गातल्या प्राण्यांची बेटं शेजारी ठेवून हीच विषं दिली. उंदरांची बेटं गेली. माणसाच्या बेटांना फारसं काही झालं नाही. कारण उंदराच्या बीटा पेशीचं साखरेचं दार वेगळ्या जातीचं आहे, आणि माणसाच्या पेशीची स्वतःची बचावाची ताकदही वेगळी. म्हणजे ज्या हल्ल्यापासून अर्काने उंदराला वाचवलं, तो हल्ला तुमच्या-माझ्या पेशींवर तसा होतच नाही.

आणि तिसरा, माझ्या धंद्यातला. मी क्यूसीत काम करते. आमच्याकडे एखाद्या बॅचचा असे अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तरी बॅच अडकते. प्रयोगातला 'अर्क' म्हणजे ठराविक भाग, ठराविक सॉल्व्हंट, ठराविक डोस. मद्रास विद्यापीठातल्या एका गटाने २००४ मध्ये जांभळाच्या बीवर उंदरांत काम केलं, तर त्यांना गुण बीच्या आतल्या गरात दिसला, वरच्या टरफलात नाही. मामाने टरफलासकट दळलं होतं. उन्हात किती दिवस वाळवलं, बरणीत किती दमट झालं, चमच्यात एलॅजिक अॅसिड किती, गॅलिक अॅसिड किती, कोण सांगणार? आमच्या एचपीएलसीवर लावायची मला फार इच्छा झाली होती. साहेबांनी दिली नसती.

बरं, समजा डोस अगदी बरोबर आहे. तरी बशीत आपण अर्क थेट पेशींवर ओततो. तोंडाने घेतला की तो पोटातल्या आम्लातून जातो, आतड्यातले जिवाणू त्याला तोडतात, यकृत त्याला शेपट्या लावून बाहेर काढायच्या मागे लागतं. स्वादुपिंडापर्यंत पोचतं ते फार थोडं, आणि तेही बदललेलं. शिवाय बशीची स्वतःची एक लबाडी आहे. सिंगापूरच्या बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की चहातल्या कॅटेचिनसारखी काही वनस्पती-द्रव्यं पेशींच्या पोषणद्रवात टाकली की तिथल्या तिथे स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात. म्हणजे ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणून टाकलं, तेच धूर काढतं! मग पेशीने घाबरून स्वतःचा ईटीपी वाढवला, तर 'अर्काने वाचवलं' असं दिसतं. गंमत म्हणजे काही वनस्पती खरोखर अशाच काम करत असाव्यात. पेशीत एनआरएफ-टू नावाचा एक प्रथिन-अलार्म असतो. थोडं टोचलं की तो पेशीला स्वतःची सफाई यंत्रणा वाढवायला लावतो. यावर सध्या भरपूर काम चालू आहे. पण टोचणं किती आणि कुणाला, हे चमच्याने ठरत नाही.

(इथे मी पाणी प्यायले. तुम्हीही प्या.)

आता 'पेशी पुन्हा उगवतात' हे कुठून आलं? याची गोष्ट ऐकाच. ती आपल्या जंगलातल्या झाडाची आहे.

बिबळा माहितीये? जव्हार-डहाणूकडे आहे. तोडलं की लाल डिंक गळतो, रक्तासारखा. याच्या लाकडाचे पेले विकतात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी रंग उतरलेलं पाणी प्यायचं, शुगरवर म्हणून. आयुर्वेदातला बीजक किंवा विजयसार तो हाच. १९८१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात लिहिलं की बिबळ्याच्या सालीतल्या एपिकॅटेचिन या द्रव्याने अॅलोक्सान दिलेल्या उंदरांच्या बीटा पेशी पुन्हा तयार झाल्या. पुन्हा तयार! विचार करा, केवढी बातमी. हे खरं असेल तर मधुमेहच उलटवता येईल.

लगेच इतरांनी करून पाहिलं. १९८२ मध्ये जर्मनीतल्या कोल्ब यांच्या गटाने लॅन्सेटमध्येच कळवलं की आम्हाला परिणाम दिसला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या गटानेही निराशाच नोंदवली. मग मधल्या प्रयोगात काय दिसलं असेल? एक साधी शक्यता अशी की विषाच्या आधी किंवा अगदी लगेच एपिकॅटेचिन दिलं तर ते धूर अडवून पेशी वाचवू शकतं. पण मेलेली पेशी परत आणणं वेगळी गोष्ट. वाचवणं आणि उगवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि फॉरवर्डमध्ये ते एका स्वल्पविरामात मिटलं होतं.

बिबळ्याला मात्र मी निकालात काढणार नाही. आयसीएमआरने चार केंद्रांवर माणसांत त्याची चाचणी केली, १९९८ मध्ये छापली. नव्याने निदान झालेले ९७ रुग्ण. बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा चांगला आहे. पण ही ओपन ट्रायल होती, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत, आणि नुकतं निदान झालेला माणूस घाबरून जेवण-खाणं सुधारतोच. नीट बघा: नवे, सौम्य रुग्ण, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दहा वर्षं गोळ्या घेऊन एक दिवस बंद करणारा माझा मामा त्यात बसत नाही.

जांभळाचं काय? इन्शुलिन सापडायच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, युरोपातले डॉक्टर आपल्या जांभळाची बी मधुमेहावर वापरून बघत होते. म्हणजे मामाची बरणी तशी आंतरराष्ट्रीय. पुढे ब्राझीलमध्ये जांभूळ रुजलं आणि तिथेही लोक शुगरवर त्याच्या पानांचा चहा पिऊ लागले. तिथल्या टेशेरा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रुग्णांवर काटेकोर चाचणी केली: काहींना जांभळाच्या पानांचा चहा आणि खोटी गोळी, काहींना खोटा चहा आणि खरी गोळी. कुणाला काय ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. खऱ्या गोळीने साखर उतरली, जांभळाच्या चहाने नाही. चाचणी छोटी होती, आणि पानं होती, बी नव्हे, हे खरं. बीसाठी अशी मोठी चाचणी झालेली मला तरी दिसली नाही.

आणि कारलं? २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या चांगल्या चाचण्या गोळा केल्या. चार सापडल्या, मिळून ४७९ माणसं. निष्कर्ष: टाइप टू मधुमेहावर कारल्याची शिफारस करायला पुरावा अपुरा.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे झाडपाल्यात काही नाहीच म्हण ना."

नाही मामा, तसं नाही. तुझी मेटफॉर्मिनची गोळी आहे ना, तिचं मूळही झाडातच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं झुडूप आहे, जुन्या काळी तिथले लोक ते वापरायचे. त्यात ग्वानिडीन जातीची द्रव्यं सापडली. ती साखर उतरवायची, पण विषारी होती. त्यांच्या नात्यातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं, आणि माणसांत मधुमेहावर त्याचा उपयोग फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये छापला. मधली पस्तीस वर्षं रेणू कपाटात पडून होता म्हटलं तरी चालेल. झाडापासून गोळीपर्यंतचा रस्ता असा असतो. कारलं, जांभूळ, बिबळा अजून त्या रस्त्यावर आहेत. काही पोचतील, काही नाही पोचणार.

पुण्यातलंच एक नवं काम त्या रस्त्यावर थोडं पुढे आहे. पुणे विद्यापीठाच्या डॉ. सरोज घासकडबी आणि आयसर पुण्याचे डॉ. प्रणय गोयल यांच्या गटाने ग्लुटाथायोनवर चाचणी केली. ग्लुटाथायोन म्हणजे आपल्या पेशींचा स्वतःचा सफाई कामगार. हा झाडाचा अर्क नाही. उपचार चालू असलेले २५० मधुमेही घेतले, त्यातल्या १२५ जणांना रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन सहा महिने दिलं. २०२२ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांत रक्तातलं ग्लुटाथायोन वाढलं, डीएनएला झालेल्या इजेची खूण कमी झाली. एचबीएवनसीमध्ये फरक दिसला तो ५५ वर्षांवरच्या लोकांत, आणि तो गट नंतर वेगळा काढून पाहिला होता, त्यामुळे जपून बोलायचं. पण एक गोष्ट बघा. सगळ्यांच्या गोळ्या चालूच होत्या. ग्लुटाथायोन सोबत दिलं, ऐवजी नाही. मी मामाला हे वाक्य दोनदा ऐकवलं.

आता दोन धोक्याच्या गोष्टी पटकन, कारण यावर मेसेज येणारच. 'शुद्ध हर्बल' म्हणून विकणाऱ्या पावडरीने जर आठवड्यात साखर झपकन उतरली तर खूश होऊ नका, संशय घ्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला भारतीय आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनात चक्क मेटफॉर्मिन सापडलं होतं, लेबलवर उल्लेख नसलेलं. वरून स्वतःची गोळी घेतली तर साखर किती खाली जाईल? आणि दुधीचा रस. सकाळचा दुधी कडू लागला तर थुंका आणि ओतून द्या, 'कडू म्हणजे औषधी' म्हणून गिळू नका. कडू दुधीत कुकुर्बिटासिन असतात. २०१० मध्ये दिल्लीत मृत्यू झाल्यावर आयसीएमआरला यासाठी समिती नेमावी लागली. कारलं कडू असायलाच हवं, दुधी कडू असता कामा नये, एवढं लक्षात ठेवा.

मग बीटा पेशी वाचवतं तरी काय? उत्तर कंटाळवाणं आहे. टार्गेट कमी करणं.

ब्रिटनच्या यूकेपीडीएस या प्रचंड अभ्यासातून आलेला अंदाज असा की टाइप टूचं निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. म्हणजे टेस्ट लवकर केली तर वाचवायला काही उरलेलं असतं. ब्रिटनमध्येच २०१७ मध्ये डायरेक्ट नावाच्या चाचणीचा निकाल आला: निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे रुग्ण. डॉक्टरांच्या देखरेखीत कडक आहार करून वजन उतरवलं. वर्षाने त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. धूर साफ करणारं काही दिलं नव्हतं. ओव्हरटाइम बंद केला होता. सगळ्यांना हे जमत नाही, आणि जितकी वर्षं जास्त झाली तितकं कठीण. मामाला दहा झालीत.

तुम्ही पंचविशीत असाल आणि हे काकांचं प्रकरण आहे असं वाटत असेल, तर आयसीएमआर-इंडियाबचे २०२३चे आकडे ऐका: देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. उंबरठा म्हणजे एचबीएवनसी ५.७ ते ६.४, साडेसहाला मधुमेह. आणि आपल्या भागात एक जादा गोष्ट आहे, शिफ्ट. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात २०११ मध्ये दिसलं की फिरत्या नाईट शिफ्टची वर्षं वाढत जातात तसा टाइप टूचा धोका वाढत जातो. रात्री तीनला वडापाव आणि गोड चहा, सकाळी उजेडात झोप. कंपनी वार्षिक मेडिकल करते ना, त्यात एचबीएवनसी आहे का बघा. नसेल तर स्वतः करून घ्या. घरात कुणाला शुगर असेल तर बारीक आहोत म्हणून निवांत राहू नका. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी ही जोडी फार आढळते.

आणि पावडर घेत असाल तर घ्या बाबांनो, मी कोण अडवणार. पण डॉक्टरांना सांगा. लाजू नका. कारल्याचा रस आणि इन्शुलिन वाढवणारी गोळी एकत्र आली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, हे त्यांना माहीत असायला हवं. मामाने सांगितलं असतं तर त्याची गोळी बंदच झाली नसती, एवढंच झालं असतं.

मामाची जखम भरायला जानेवारी उजाडला. गोळ्या पुन्हा सुरू, एक वाढली. एचबीएवनसी ७.८ वर आलंय. नाईट बंद करून घेण्यासाठी अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. बरणी अजून फडताळात आहे, मामीने तिच्यावर चिठ्ठी लावलीय: "गोळीनंतर." परवा विचारत होता की यंदा टरफल काढून दळलं तर चालेल का.